चॅनल एकशे वीस

होलीहेडच्या बंदरावरचं हे केअर होम आधी चॅपल होतं.
भिंती दोन हात जाड, दगडी.
भिंतींना कान असतात म्हणे;
यांना नुसतं पोट आहे,
सिग्नल गिळतात आणि ढेकरही देत नाहीत.

"ताकद वाढवा," मॅनेजर ग्वेनो म्हणाली,
"मागच्या माणसाने तेच केलं होतं."
मागच्या माणसाने सातही अॅक्सेस पॉइंट
पूर्ण जोरावर ठेवले होते,
एकाच चॅनलवर, ऐंशी मेगाहर्ट्झ ऐसपैस.
लग्नघरात सात काका एकाच वेळी
एकच किस्सा सांगतात, तसे.
खाटेच्या कडेला फोन पुटपुटतोय
आणि यांना ते ऐकूच जात नाही.

मी शिडीवर. लॅपटॉप वरच्या पायरीवर तोललेला.
पॉवर वीसवरून चौदा. रुंदी ऐंशीवरून वीस.
कॉरिडॉरमधल्या दोघांचं दोन पॉइंट चार बंदच करून टाकलं,
तसंही जेवणाच्या वेळी तिथे मायक्रोवेव्हचंच राज्य.
देश मात्र कुणी निवडलाच नव्हता.
यादी उघडली. बोट इंडियावरून खाली सरकलं,
थांबलं नाही.
थांबलं, थोडंसं.
मग बरंच खाली, युनायटेड किंगडम. सेव्ह.
रेडिओने निमूट कायदे बदलले, चार सेकंदांत.
माझ्या फॉर्मला अकरा वर्षं लागली होती.

खोली चौदा. इदवल प्रिचर्ड, वय एक्क्याण्णव,
नको म्हटलं तरी शिडी धरून उभे.
"आता कशाची वाट बघतेस?"
म्हटलं, या चॅनलवर बोलण्याआधी
दहा मिनिटं ऐकावं लागतं.
हवामानाचं रडार इथेच बोलतं.
त्याचा आवाज आला तर आपण तोंड उघडायचं नाही.

ते हसले. मग हसता हसता गप्प झाले
आणि भिंतीवरचं घड्याळ दाखवलं.
जहाजावरचं, पितळी. तबकडीवर दोन लाल फाका:
सव्वाला एक, पाऊणला एक.
"सव्वीस वर्षं रेडिओरूममध्ये होतो.
दर अर्ध्या तासाला तीन मिनिटं
मोर्सच्या खटक्यावर कुणाचाच हात नसायचा.
सगळा समुद्र गप्प.
बुडणाऱ्याचा आवाज बारीक असतो ना."

"आला कधी?"

"दोनदा.
एकदा मासेमारीची बोट, पाचही माणसं मिळाली.
दुसऱ्यांदा..."
त्यांनी शिडीवरची पकड बदलली.
"दुसऱ्यांदा खरखर होती की हाक होती, ठरेना.
कप्तानाला उठवलं नाही.
अजून ठरत नाही."

मी काही बोलले नाही.
खाली कुणीतरी सूप गरम करत होतं.
रेडिएटर दोनदा टकटकला.
आयर्लंडची फेरी सुटली, भोंगा लांबवर गेला.
एक्क्याण्णव वर्षांचा माणूस आणि बेचाळीसची मी,
छताला लावलेल्या ताटलीएवढ्या खोक्याबरोबर
कान देऊन.

आठव्या मिनिटाला लॉगमध्ये ओळ उमटली:
रडार आढळले. चॅनल सोडत आहे.
खरंच रडार होतं की कुठलीशी ठिणगी, देव जाणे.
हे खोकं शहानिशा करत नाही.
शंका आली की गप्प होतं, बाजूला होतं,
अर्धा तास त्या वाटेला जात नाही.
मी हे त्यांना सांगितलं. सांगायला नको होतं बहुतेक.
"शहाणं आहे," एवढंच म्हणाले.

छत्तीसवर घेतलं. हिरवा दिवा लागला.
खोली चौदापुढे वहीत लिहिलं: ठीक.
उतरले, लॅपटॉप मिटला,
शिडी मिटवणार तेवढ्यात वर पाहिलं:
सव्वाबारा. काटा लाल फाकेत शिरत होता,
आणि ते डोळे मिटून उभे होते.

ही शिडी मिटताना फार करकरते.
तीन मिनिटं तशीच धरून ठेवली.