एरड साक्री

उद्यमबागेत दुसरी पाळी सुटते
तेव्हा नखांत लेथचं तेल असतंच.
तसंच अनगोळच्या खोलीवर येऊन
सोल्डरची कांडी तापेपर्यंत मी फॉर्म भरायला बसतो.

कंपनीचं नाव?
शेजारी तांबडी चांदणी.
भरल्याशिवाय पुढं जाऊ देत नाही.

मोनाप्पानं मागं लिहिलं होतं,
'मोनाप्पा संशोधन केंद्र, शहापूर'.
वर्षाला लागणारे नग : पन्नास हजार.
खोकंभर नमुने आले, फुकट, लांबलांबच्या देशांतून.
आधी स्टुलावर राहिले, मग कपाटात,
मग खडेबाजारात एका काउंटरखालून विकले गेले.
पुढच्या वर्षी त्यातल्या एका कंपनीनं
बेळगावच्या पत्त्यांनाच दार लावलं.
हिंडलग्याची एक पोर, डिप्लोमाला,
तिला खरंच एक चिप हवी होती
हृदयाचे ठोके मोजायला.
तिलाही नाही म्हणाले.
मोनाप्पाला हे कुणी सांगितलं नाही.
मीही नाही.

तर मी काय लिहू?
तोपिन्नामामाची कढई?
वीस लिटर दूध आटत आटत येतं
आणि कुंदा व्हायच्या जरा आधी
पांढरा रंग मागं न बघता तांबूस होतो,
ती वेळ मामाला वासावरून कळायची.
गेल्या थंडीतल्या तापानंतर मामाला वास येत नाही.
दोन कढया करपल्या.
तिसरीला मामी म्हणाली,
तू ते वायरींचं कायतरी करतोस न्हवं, ते कर की.

दोन धातूंच्या तारा टोकाला जोडल्या
की उष्णता कुजबुजते.
इतकं हळू, की मीटरलाही ऐकू जात नाही.
तिचा आवाज वाढवणारी चिप,
तांदळाच्या कणीएवढी, आठ पायांची.

लिहिलं :
कंपनी : नाही, छंद आहे.
वापर : कुंद्याची कढई.
वर्षाला नग : एक.
आत्ता हवेत दोन, त्यातला एक माझ्या चुकीसाठी.

नवव्या दिवशी बंगळूरहून फोन.
चंपा हिरेमठ. बोलण्यात धारवाड.
'कुंदा अंद्र, नम्म बेळगावि कुंदा?'
हौद्री, म्हटलं.
पलीकडं कागद चाळल्याचा आवाज.
मग म्हणाली, पट्टी पाचाची असते, पाठवू का सगळी?
एष्ट बेकु?
माझे ओठ पाचातल्या प-वर मिटले होते.
उघडले तेव्हा म्हणाले,
एरड साक्री.

बसलिंगाप्पा पोस्टमननं पाकीट दिलं.
पत्ता इंग्रजीत, शिक्का कन्नडात, सही माझी मराठीत.
मामानं ते आधी नाकाशी नेलं.
सवय.

पहिली चिप मी उलटी बसवली.
टीचभर धूर.
मामाला तोही आला नाही.
मोनाप्पा म्हणाला, बायकोच्या नावानं आणिक माग की,
इचार कसला करूलालास?
दुसरी बसवताना
मामीला बॅटरी धरायला लावली, तिचा हात हलला नाही,
माझाच हलत होता.

आकडा एकशे चौदावर थरथरला.
मामानं उलथनं थांबवलं
आणि आकड्याकडं न बघता
माझ्याकडं बघून विचारलं, झालं?

आता बेळगुंदीचा एक हलवाई तसलंच यंत्र मागतोय.
त्याची चिप मी विकत मागवली,
सहाशे चाळीस, पावतीसकट,
पावती त्याला दाखवली, त्यानं तोंड वाकडं केलं, दिले.

चंपाबाईंना पत्र लिहिलं.
एक जळली, ती माझ्या हातून.
एक चालली. रंग कुठल्या आकड्याला वळतो तेही कळवलं.
मागणी काही नव्हती, सही करून मोकळं व्हायचं होतं.
पेन तिथंच थांबलं.
सहीच्या वर, बारीक अक्षरात,
प्रणोती सांबरेकर, हिंडलगा,
नग एक,
आणि तिचा अर्ज कुठं अडला ते,
मोनाप्पाचं नाव न घेता.

अजून उत्तर नाही.
बसलिंगाप्पा सायकल न थांबवता
लांबूनच हात हलवतो.