आठवं पान

गुरुवारी तंत्रज्ञानाचं पान माझ्याकडे.
आठवं. त्याच्या पाठीला सातवं, श्रद्धांजल्यांचं.
म्हणून आठव्यावर गडद चित्र चालत नाही,
कागद पातळ; दिवंगतांच्या कपाळावर
पलीकडच्या कंपनीचा लोगो उमटतो.
एकदा उमटला होता. घरचे पणजीला येऊन भांडून गेले.

आज एजन्सीवर सात बातम्या.
एका कंपनीनं दुसरी गिळली.
एकीनं माफी मागितली:
‘आपला विश्वास आम्ही अत्यंत गांभीर्यानं घेतो.’
हे वाक्य मी वर्षात अकराव्यांदा मराठीत आणतोय.
आता आरतीसारखं येतं, टाळ्या वाजवत, अर्थ न बघता.
तिसरीनं चार हजार माणसांचं ‘सुसूत्रीकरण’ केलं.
मी ‘कपात’ केलं. दोन अक्षरांवर एक, जागाही वाचली.

यूजरला आम्ही ‘वापरकर्ता’ लिहितो.
शिरोडकर सरांची शैलीपुस्तिका, पान बारा.
कर्ता म्हटला की क्रियापद त्याच्या मुठीत हवं.
इथं मूठ कुणाची?
मी कुंकळयेकरांना विचारलं, कर्मणी करू का?
ते म्हणाले, व्याकरण सोमवारी. पावणेअकराला पान सोड.

रायबंदरच्या धक्क्यावर साडेअकराची फेरी.
गेल्या शनिवारी इथंच भाड्याची गाडी,
काळी पाटी, आत चौघे, नवं लग्न झालेलं एक,
नकाशातली बाई म्हणाली ‘सरळ जा’,
आणि ते सरळ गेले.
बॉनेटपर्यंत मांडवी. नशीब, ओहोटी होती.
जुझे मिंगेलनं दोर टाकला, शिव्या टाकल्या,
मग चौघांना केबिनमध्ये बसवून काळा चहा दिला.
‘ताका उदक दिसना रे,’ तो मला सांगत होता,
जणू कुणा म्हाताऱ्या नातेवाइकाबद्दल.
‘तांकां एकदां हांगा हाड. भरती केन्ना येता तें दाखयतां.’

मी कंपनीला कळवलं. बटण असतं तसलं.
उत्तर आलं: तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे.
हेही मी मराठीत ओळखतो.

जुझेनं तोवर डांबराच्या पिंपावर फळी ठोकली,
बोटीच्या उरलेल्या लाल रंगानं लिहिलं
रस्तो ना
आणि खाली, जागा उरली म्हणून, माशाचं चित्र.

पाण्याच्या मध्यावर रेंज गेली, आली.
बंगळूरहून रश्मिता. इतक्या रात्री.
‘बाबा, आमच्यातले दोघं गेले आज. मी आहे.’
मग काही वेळ इंजिनचाच आवाज.
‘तू बातमीत काय लिहिलंस?’
कपात, म्हटलं.
‘हं,’ म्हणाली. ‘इथं तो शब्द कुणी उच्चारत नाही.’
तिच्या पगारातून आमच्या पडवीचे पत्रे बदलले,
हा फोनही तिनंच दिलाय, ज्यावर मी
तिच्या मालकांविषयी इतकं बोलतो.

चोडणच्या धक्क्यावर उतरलो तर
खिशात फोन थरथरला:
‘तुम्ही नुकतेच मांडवी नदी इथे होता.
हे ठिकाण कसं वाटलं?’
पाच चांदण्या, पोकळ, ओळीनं.

कार्यालयात फोन लावला. पान गेलं होतं का?
मशीनवर चढतंय, मोरजकर म्हणाला.
खाली अब्जाधीशाचं अवतरण आहे ना, ते काढ.
तिथं तीन ओळी घे, सांगतो:
रायबंदर धक्क्यावर फळी लागली आहे.
तो म्हणाला, ही बातमी तंत्रज्ञानात?
मला भूक लागली होती. मी म्हटलं, घे रे.