इतिवृत्तात नसलेलं वाक्य

खेतवाडीतली शाळा, तिसरा मजला,
छापखाना कामगारांच्या पतपेढीची
अध्यक्षपदाची निवडणूक.
केबल तेव्हा नुकती घरोघरी आली होती
आणि निवडणूक अधिकारी गुंजीकरांनी पाहिलं होतं
अमेरिकेत दोन उमेदवार समोरासमोर कसे उभे करतात ते.
म्हणून दोन टेबलं, दोन तांबे,
शिपायाकडून उसनी आणलेली घंटा
आणि नाणेफेक. नाणं बाकाखाली गेलं, तेच धरलं.

तोरसकर आधी बोलले.
अकरा पानं.
बुडीत कर्जं, राखीव निधी,
कुणाच्या सहीने किती गेले ते तारखेसकट.
सातव्या पानावर ते म्हणाले,
"जूनपर्यंत पैसे पुरतील.
जूनच्या पुढचं मला दिसत नाही."
पण हे ते कागदाला म्हणाले.
माइक नेमका तेव्हाच शिटी मारत होता,
मागच्या बाकांवर खारे दाणे फिरत होते.

मग बांदिवडेकर उठले.
पाणी प्याले, सावकाश.
एक कोरा कागद वर धरला,
दोन्ही बाजूंनी दाखवला, जादूगार रुमाल दाखवतो तसा.
"यांच्याकडे आकडे आहेत."
थांबले.
(किती थांबायचं तेही ठरलेलं होतं.)
"माझ्याकडे तुम्ही आहात."

त्यानंतर वाजलेली घंटा
कुणालाच ऐकू आली नाही.

वाक्य माझं होतं.
मी मुद्रितशोधक. जन्म गेला
लोकांच्या वेलांट्या सुधारण्यात.
आदल्या रात्री बांदिवडेकर म्हणाले,
"आजरेकर, अठ्ठेचाळीस पॉइंटात बसेल असं काहीतरी द्या."
हिशोब अठ्ठेचाळीस पॉइंटात बसत नाही.
तो आठ पॉइंटात बसतो,
आणि वाचायला चष्मा लागतो, दिवा लागतो,
एखादा रिकामा रविवार लागतो.

खरं तर माझंही नव्हतं ते.
ओव्हरटाइम बंद झाला त्या महिन्यात
मी कुमुदला वहीत खर्च मांडून दाखवत होतो,
दूध अर्ध्यावर, रॉकेल इतकं, शिकवणी बंद.
कणीक मळता मळता, मान वर न करता, ती म्हणाली होती,
"तुमच्याकडे आकडे आहेत.
माझ्याकडे पोरं आहेत."
टाळ्या कुठल्या पडायला तिथे.
मी वही मिटली, एवढंच.

त्या दिवशी ती बायकांच्या रांगेत होती.
सगळा हॉल बांदिवडेकरांकडे बघत होता,
ती एकटी माझ्याकडे.

चारशे बारा विरुद्ध एकशे नऊ.
वाक्य पुढे गिरगावभर हिंडलं.
कॅरम हरणारा जिंकणाऱ्याला म्हणायचा,
एका लग्नात करवल्यांनीसुद्धा म्हटलं.
मग जून आला.
शटरवर नोटीस लागली, बारीक टायपात,
चष्मा एकाचा, आळीपाळीने सगळ्यांच्या नाकावर,
आणि फूटपाथवर, पासबुकं छातीशी धरून,
रांगेत "तुम्ही" उभे.

इतिवृत्त मीच लिहिलं होतं.
तोरसकरांची अकरा पानं, शब्द न् शब्द.
खाली एक ओळ:
"त्यानंतर श्री. बांदिवडेकर यांनी मनोगत व्यक्त केले."
ते इतिवृत्त वाचायला कुणी मागितलं नाही,
आणि न लिहिलेलं वाक्य
आजही सगळ्यांना पाठ आहे.

परवा तोरसकर भेटले, चर्नी रोडला, होमिओपॅथीच्या दुकानात.
ऐंशी ओलांडली असेल. मी त्यांना
जूनचं ते वाक्य म्हणून दाखवलं.
"मी म्हणालो होतो असं?"
त्यांना खरंच आठवेना.
मग हात वर गेला त्यांचा,
कोरा कागद धरल्यासारखा,
आणि ते अगदी मनापासून हसले.
"ते मात्र वाक्य होतं हो!
कुणी दिलं असेल त्याला?"

मी हातातल्या बाटलीवरची चिठ्ठी वाचत राहिलो.
"दिवसातून"मधली पहिली वेलांटी
दीर्घ पडली होती.