बिनलसणीचा डबा

हरभट रोडला आमचं भडंगाचं दुकान.
मुरमुरे, शेंगदाणे, तिखट, आणि ठेचलेली लसूण.
वास पार कोपऱ्यापर्यंत जातो,
गिऱ्हाईक वासावर येतं.
घरात मात्र आमच्या लसूण नाही.
आजोबांपासून एक डबा वेगळा, पितळी कडीचा,
बिनलसणीचा. घरच्यांचा.
लोक विचारतात, मगदूम, खात नाही तर चव कशी कळते?
आवाजावरनं, मी म्हणतो.
लसूण कढईत बोलायची थांबली की झाली.

धाकटी त्रिशला जपानला.
दिवसा भाषेची शाळा, रात्री दुकान.
दुकान म्हणजे कोन्बिनी.
"अण्णा, दाराला कुलूप आहे,
पण किल्ली अजून कुणी बघितलेली नाही."
आपल्यात दिवस मावळला की ताट पालथं,
आणि हिच्या दुकानात रात्रभर लख्ख उजेड.
तिथं मावळलं कधी म्हणायचं?

नमस्काराच्याही आधी तीन अक्षरं शिकली :
मासा, मांस, अंडं.
पाकिटाच्या पाठीवर, मुंगीएवढ्या छपाईत
ती शोधत बसते, तिची आई तांदळातले खडे शोधते तशी.
बटाट्याच्या चकतीत मासा निघतो,
तांदळाच्या खारट पापडीत मासा निघतो.
"इथं मासा पाण्यात कमी, पाकिटात जास्त."

पण विकते सगळं.
काचेच्या पेटीतलं गरम कोंबडीचं तळण,
कडा कापलेल्या पावातलं अंडं,
"अभ्र्यासारखं मऊ असणार," म्हणते.
असणार.
रात्री अडीचला टॅक्सीवाले ओकुमुरा आजोबा येतात,
आज काय घेऊ, विचारतात.
ही ठाम सांगते : ओनिगिरी घ्या.
भाताचा त्रिकोण, पोटात खारवलेलं आंबट फळ,
वर समुद्री शेवाळाचा काळा कागद,
आज चांगला कुरकुरीत आहे.
तुला कसं गं कळलं?
"लोक दाराबाहेर उभं राहून खातात, अण्णा.
मी ऐकते."

मैत्रिणीबरोबर तिनं खोकं पाठवलं.
घरी आणेपर्यंत दिवे लागले होते,
म्हणून नुसतं मांडलं, गल्ल्यापुढच्या फळीवर.
प्रत्येकावर तिच्या अक्षरात चिठ्ठी.
चालेल.
चालेल.
चालेल, पण आईला आवडणार नाही.
एकावर : न चालणारं. वेष्टण छान आहे, नुसतं बघा.
सोड्याची बाटली निघाली, गळ्यात गोटी अडकलेली,
मिरज स्टेशनबाहेर मिळायची तश्शी.
मी ती उगाच तीनदा हलवली.
बरणीत साखरेचे रंगीत काटेरी दाणे :
"अगंबाई, हा तर हलवा," ही म्हणाली,
"बोरन्हाणाचा. ह्यांना कुणी शिकवला?"
मग तांदळाच्या पिठाचा पांढरा गोळा,
आत लाल कडधान्याचं गोड पुरण, असं चिठ्ठीत.
हिनं बोटानं दाबला. सोडला. परत दाबला.
"उकड नीट मळली आहे," एवढंच बोलली,
आणि फळीवरचा दिवा घालवला.

रात्री दीडला फोन.
"अण्णा, इथं उजाडलं. ड्यूटी सुटली.
पायरीवर बसलेय दुकानाच्या.
तुम्ही खाल्लं का?"
म्हटलं, अजून उजाडायचं आहे.
"मी खाते मग."
तिकडं झाकण उघडल्याचा आवाज,
माझ्या डब्यातलं भडंग, फेब्रुवारीत दिलेलं.
मग तिचं चावणं.
एक. थांबून, दुसरं.
मी कान देऊन ऐकलं.
सादळलंय गं, म्हटलं.
आवाज थांबला.
"नाही अण्णा," म्हणाली,
"मी हळू खातेय."