अर्थ लागत नाही

हेडलाइट लावले की काटा चढतो.
पंखा सुरू झाला की आणखी चढतो.
एकशे अठरा.
बॉनेट उघडून नळीला पालथा हात लावला,
लहानपणी आई माझा ताप बघायची तसा.
गरम आहे. पण एकशे अठरा नाही.
हाताला तेवढं कळतं.

भोसरीत, शिकलगारांच्या शेडमध्ये
माझी अठ्ठ्याण्णव सालची एस्टीम उभी आहे,
मागची सीट काढलेली, एसी काढलेला,
दारांतलं सगळं उपसून टाकलेलं.
वाढवली ती फक्त दोन घड्याळं,
एक पाण्याचं, एक तेलाचं.
गाडीचं वजन उतरलं
ते माझ्या डोक्यावर येऊन बसलं.

थर्मोस्टॅट बदलला.
रेडिएटर मोठा घातला, आकडा सांगत नाही,
घरात कुणी वाचेल.
वॉटर पंप बदलला. जुना चांगलाच होता.

तीन रविवार इलियासभाई काही बोलले नाहीत.
चौथ्या रविवारी म्हणाले,
"मॅडम, तुम्ही डेअरीत दूध तपासता ना?
मग गाडी सोडा. आधी साक्षीदार तपासा."

लॅबमधला काचेचा थर्मामीटर
मोज्यात गुंडाळून आणला.
यल्लप्पाच्या टपरीवरून पातेलं, स्टोव्ह,
आणि फुकटचे चार सल्ले.
सेन्सर तारेला टांगून पाण्यात सोडला,
वायर घड्याळाला, घड्याळ सुट्या बॅटरीला.
दौलत म्हणाला, आता शंभर होणार बघा.
नाही रे, म्हटलं, आपण समुद्रापेक्षा
साडेपाचशे मीटर उंच.
पुण्याचं पाणी अठ्ठ्याण्णवलाच उकळतं.
"म्हणजे इथलं पाणीही
लवकर तापतं," तो म्हणाला.

काच म्हणाली अठ्ठ्याण्णव.
काटा म्हणाला अठ्ठ्याण्णव.
पातेल्यात सगळे खरं बोलत होते.
गाडीत बसवलं, लाइट लावले,
एकशे अठरा.

इलियासभाई डॅशखाली उताणे शिरले,
टॉर्च दातांत, पाय बाहेर, एका पायात चप्पल.
बऱ्याच वेळाने आतून आवाज आला:
"अर्थ लागत नाही."
मला वाटलं, हरले.
म्हटलं, मलाही नाही लागत, भाई.
"तसा नव्हे! काळ्या वायरचा अर्थ.
लाइटची, पंख्याच्या रिलेची, घड्याळाची,
सगळ्यांची शेपटी एकाच बोल्टवर,
आणि बोल्ट बसलाय रंगावर.
हा रंग मारला कुणी?"

मीच. दिवाळीच्या सुट्टीत. निळा, तीन हात.

सुरीने खरवडलं, धातू पांढरा चमकेपर्यंत.
जाड वायर ओढली, थेट बॅटरीला.
लाइट. काटा ढिम्म.
पंखा. ढिम्म.
ब्याण्णव.

मी चहा सांगायला निघाले होते,
तर ते तेलाच्या सेन्सरला पाना लावत होते.
अहो, त्याला कशाला?
तो गुणी आहे, कधी पंच्याण्णवच्या वर गेला नाही,
कोइमतूरच्या ट्रॅकवर, भर मे महिन्यातसुद्धा.
पाण्याच्या काट्याने घाबरवलं
की मी याच्याकडे बघायचे
आणि पाय तसाच दाबून ठेवायचे.

"म्हणूनच," ते म्हणाले.

आट्यांवर पांढरी टेप, आठ वेढे,
तेल गळू नये म्हणून.
तीही माझ्याच हातची.
सेन्सर दोन वर्षं इंजिनात होता,
इंजिनाला टेकला नव्हता.

टेप काढली. पहाटे पाचला
चाकणच्या रस्त्याने जोरात नेली,
शेजारी इलियासभाई, मांडीवर टॉर्च.
पाणी ब्याण्णव.
तेल एकशे दहा, एकशे वीस,
एकशे तेहेतीस.

कुणीच काही बोललं नाही.
पाय उचलला.
परत येताना चाळिसाच्या वर गेलो नाही,
दुधाच्या गाड्या आम्हाला मागे टाकत गेल्या.

सोमवारी थर्मामीटर परत केला.
रजिस्टरमध्ये कारण लिहावं लागतं.
लिहिलं:
उकळतं पाणी तपासलं. बरोबर आहे.