देणगीची वही

न्यूफाउंडलंडच्या उत्तर किनाऱ्यावर
आमचं घर समुद्रावरून आलं.
बेटावरची वस्ती उठली तेव्हा
बापानं त्याला रिकामी पिंपं बांधली,
सहा होड्यांनी ओढत आणलं खाडीपार.
आई आतच बसून होती. चूल विझू देणार नाही म्हणाली.
भर पाण्यात धुराड्यातून धूर निघत होता.

आता ते गावाचं झालं.
कागदावर सही करताना लिअँडरनं, माझ्या भावानं,
पेन दोनदा झटकलं.
शाई होती त्यात.

समितीनं दवंडी दिली:
संग्रहालयासाठी जुनंपानं असेल ते आणून द्या.

थिओफिलस पेलीनं कुऱ्हाड आणली,
दांड्यावर आमच्या आजोबांनी कोरलेला मासा.
नव्वदीच्या डॉर्कसबाईंनी पाव भाजायचं पत्र्याचं भांडं,
ज्या भांड्यापायी आई मरेपर्यंत
त्यांच्याशी तुटक बोलायची.
कंदील आला. जाळं विणायची सुई.
एक डावा बूट.
मी हसू दाबत वहीत लिहीत गेले,
देणगीदार अमुक, देणगीदार तमुक.
आमचंच सगळं, आणि आम्हालाच दान!

लिअँडर भडकला. लिही म्हणाला, 'नेलेलं परत'.

नाही लिहिलं.
आदल्याच दिवशी जिन्याखाली हात घातला होता मी:
एक किटली, बुडावर पेलींचं नाव.
चर्चचे चार चमचे.
कुणाच्या तरी बाळाची लोकरी टोपी, घडी न मोडलेली.
आणि पिंपं तर दुकानदाराची होती,
होड्या सहा घरांच्या,
ज्या दोरानं घर ओढलं तो दोर
खुंटीला तसाच, साठ वर्षं,
कुणाचा ते विचारायचंच राहिलं.

लिअँडर दोराकडे बघत उभा राहिला.
मग गाठ सोडवायला लागला, उगाच.

जमीन अजून खाडीकडे कललेली आहे.
शाळेची पोरं गोट्या सोडतात,
त्या थेट समुद्राच्या बाजूला जाऊन थांबतात.
पोरांना तेवढंच आवडतं इथलं.

शनिवारी कुलूप लावता लावता डॉर्कसबाई आल्या.
'हात लावू नये' पाटीपाशी थबकल्या,
म्हणाल्या, उद्या नातवंडं येणार आहेत,
ते भांडं मिळेल का, एका पावापुरतं?

मी कपाट उघडलं.
वहीच्या मागच्या पानावर नवा रकाना आखला, उसनं नेलं.
तारीख घातली.
परतीची जागा
कोरी ठेवली.