शेरा

गंगोत्रीनं कॉम्प्युटरवर तक्ता करून दिला:
क्रमांक, गायक, राग, साल, मिनिटं, शेरा.
मिनिटांत फक्त आकडा चालतो, म्हणाली,
"अंदाजे अर्धा तास" लिहिलं तर रकाना तांबडा होतो.

बुटांच्या खोक्यांत चारशे बारा कॅसेटी.
काहींवर माझं अक्षर, बाकीच्यांवर व्यंकटचं,
तारा ओढायच्या राहिलेल्या खांबांसारखं.

पहिल्याच दिवशी मारवा तीनदा लिहिला
तर यंत्राला तीन राग दिसले.
एकाच्या शेवटी नुसती मोकळी जागा पडली होती.
"काका, तुमी नवे राग काढलालाव की!"

एकशे सतरा.
मैनोद्दीन मास्तर, मारवा, १९८७,
उदगीर, कन्याशाळेचा हॉल.
पट्टी ऐकली तर काळी दोनच्याही वर;
मास्तर जन्मभर काळी एकला गायले.
उलगडायला अख्खी दुपार गेली.
त्या रात्री व्होल्टेज एकशे सत्तर,
टेप रेंगाळत फिरला,
म्हणून आता साठीचा माणूस
मिसरूड फुटल्यासारखा गातो.

गंगोत्रीला म्हणालो, एक रकाना वाढव. व्होल्टेज.
"ते कोण भरणार?"
मी. तेवीस वर्षं सबस्टेशनला होतो,
रात्रपाळ्या पाठ आहेत.

एकविसाव्या मिनिटाला मास्तर
कोमल रिषभावर उभे.
षड्ज समोर आहे, जात नाहीत.
कुणीतरी "हाय" म्हणतं,
बहुतेक व्यंकट.
आणि आवाज एकदम चिमणीसारखा वर पळतो,
खट्.

परळीहून फोन होता. संच बंद पडला,
गावठाण फीडर काढा.
दहा बत्तीस.
हॉल त्याच फीडरवर आहे हे मला ठाऊक होतं.
दोन मिनिटं मागता आली असती,
लोक मागायचे, लग्नांसाठी मागायचे.

व्यंकट काही बोलला नाही.
आठवड्यानं कॅसेट आणून दिली,
वर "अपुर्ण", उकार चुकलेला.
मीही दुरुस्त केला नाही.

मिनिटं: २१. हिरवं झालं.
शेऱ्यात म्हणे काहीही चालतं, कितीही.
लिहिलं, वीज गेली.
खोडलं.
वीज जात नसते, हे मी तरी लिहू नये.

"सेव्ह करून ठिवा काका,"
गंगोत्री आतून ओरडते,
"लाईटीचा काय नेम."

एकशे अठरा.
तीच कॅसेट, दुसरी बाजू. कोरी,
नुसती सरसर, पंचेचाळीस मिनिटं.
पूर्ण ऐकली.
यंत्र राग विचारतंय.